मदत हवी आहे: मावळातलं भातखाचर पाणथळ म्हणून कसं राखावं?

मावळात आमची सव्वा एकराची भातखाचरं आहेत. दहा वर्षं पडीक होती. बांध फुटल्यामुळे खालच्या कोपऱ्यातली पाणथळ दिवाळीआधीच आटायची. पूर्वी तिथे बगळे, बेडूक, खेकडे भरपूर असायचे. भात लावायचं थांबलं आणि हे सगळं गेलं.

गेल्या पावसाळ्यात दोन बांध मातीने सारखे केले, बेशरम (पाणथळीत माजणारं झुडूप) हाताने उपटली, निम्म्यात इंद्रायणी लावली. तणनाशक वापरलं नाही, वापरणारही नाही. यंदा पाणी बऱ्यापैकी टिकलं. पण शेजारी भराव पडतोय, म्हणून कायद्याचा आधार हवाय.

अडचण अशी की २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातखाचरं वगळली आहेत. रामसर करार (पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) मात्र त्यांना पाणथळच मानतो, भातखाचरांबद्दल त्याचा २००८ चा ठरावही आहे. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करून घेण्याचा मार्ग दिसतो. पुण्यात गणेशखिंड उद्यानाला तो दर्जा आहे. सातबारा सामाईक आहे, सगळ्या चुलत्यांची संमती आहे. शेती थांबवायची नाही, कारण ती थांबली की पाणथळही संपेल.

खासगी, कसत्या जमिनीसाठी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडून असा प्रस्ताव कुणी पाठवलाय का? ठरावात नेमकं काय लिहिलं होतं?