मदत हवी आहे: प्रोटेक्शन असूनही नाइट मेला, हे कसं?

कट्ट्यावरचा_मामा
मंडळी, जरा तातडीचं आहे, उद्या संध्याकाळी परत डाव आहे. माझ्या नाइटला पांढऱ्यापासून प्रोटेक्शन आहे, कार्डावर तसं छापलंय. तरी समोरच्याने पांढरं कार्ड टाकून त्याला मारलं आणि वर म्हणतो नियमात बसतं. बसतं का? हो की नाही तेवढं सांगा, लांबण नको.

टॅप_अनटॅप
कुठला खेळ? कुठला नाइट? समोरच्याने टाकलं काय? हे न सांगता हो की नाही कसं सांगणार?

गुळांबा
पोकेमॉन असेल तर तिथेही असलेच घोळ आहेत. माझ्या मुलाचा आगीचा पोकेमॉन खुशाल भाजून घेतो. व्हिडिओ गेममध्ये आगीवाल्यांना बर्न होतच नाही, कार्डांत होतो. मुलगा म्हणतो, आई असंच असतं, तू खेळ.

कट्ट्यावरचा_मामा
नाइट म्हटल्यावर पोकेमॉन कुठून आला? मॅजिक हो, मॅजिक द गॅदरिंग, कार्डांचा खेळ. ब्लॅक नाइट.

टॅप_अनटॅप
आणि समोरचं कार्ड?

कट्ट्यावरचा_मामा
रॅथ ऑफ गॉड. पांढरंच आहे. मी हातात घेऊन बघितलं.

टॅप_अनटॅप
मग मेला. समोरचा बरोबर आहे.
पांढऱ्यापासून प्रोटेक्शन म्हणजे पांढऱ्याचं डॅमेज लागत नाही, पांढरा ऑरा (दुसऱ्यावर लावायचं जादूचं कार्ड) चिकटत नाही, पांढरं क्रीचर (लढणारं पात्र) त्याला अडवू शकत नाही आणि पांढरा स्पेल, म्हणजे मंत्र, त्याला नेमून टार्गेट करू शकत नाही. रॅथ यातलं काहीच करत नाही. डॅमेज नाही, टार्गेट नाही, 'सगळी क्रीचर्स नष्ट करा' एवढंच. नियम ७०२.१६ काढून बघा. तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगतो, उलट बाजूला व्हाइट नाइट आहे, त्याला काळ्यापासून प्रोटेक्शन. काळं डॅमनेशन पडलं की तोही असाच जातो.

चित्रं_बघणारा
नियम पाठ आहेत, कौतुक आहे. पण ब्लॅक नाइट १९९३ च्या पहिल्या संचातला. पवित्र शक्तीला दाद न देणारा सरदार, हीच त्याची सगळी ओळख. त्याच्यावर साक्षात देवाचा कोप झाला आणि देव म्हणतो, मी तुझं नाव घेतलं नव्हतं, सगळ्यांना म्हणालो होतो! ही पळवाट कोर्टात चालेल. घरच्या डावात मी तरी नाइटला जिवंत ठेवीन.

टॅप_अनटॅप
घरचा नियम केलात की प्रत्येक कार्डावर वाद. मग दगडी भिंतीचं काय करणार? वॉल ऑफ स्टोन ०/८ आहे, म्हणजे पॉवर शून्य, टिकाव आठ. फ्लिंग टाकून ती समोरच्याच्या अंगावर भिरकावली तर डॅमेज शून्य, कारण फ्लिंग फक्त पॉवर मोजतं. आख्खी दगडी भिंत डोक्यात पडली आणि खरचटलंही नाही. तिथे तुम्ही किती देणार? आठ? कुणी ठरवायचं?

चित्रं_बघणारा
बनवणाऱ्यांना हवं असतं तेव्हा बरोबर जमतं की. टेरर बघा, त्याच पहिल्या संचातलं. काळ्या क्रीचरवर आणि आर्टिफॅक्ट क्रीचरवर चालतच नाही. दहशत यंत्राला वाटणार नाही आणि काळ्यांना तर नाहीच. अर्थक्वेकचं डॅमेज उडणाऱ्यांना लागत नाही. एका ओळीत गोष्ट आणि नियम दोन्ही बसवलेत.

टॅप_अनटॅप
जमतं तिथे जमतं. पण मग पॅसिफिझम घ्या. ज्याच्यावर लावलं तो हल्ला करू शकत नाही, अडवू शकत नाही. शांतीचा पुजारी. पण त्याच पुजाऱ्याला टॅप करून, म्हणजे कार्ड आडवं करून, लढाऊ वाहन चालवायला बसवता येतं. मी स्वतः बसवलाय.

कट्ट्यावरचा_मामा
वाहनावरून आठवलं, हे आधी लिहायला हवं होतं बहुतेक. समोर माझा भाचा आहे, न्यू जर्सीहून सुट्टीला आलाय. रॅथने सगळे मेले, पण त्याचं स्मगलर्स कॉप्टर जागेवर. पुढच्या टर्नला त्याने एक भिंत मांडली आणि तिला लगेच, त्याच टर्नला, कॉप्टरमध्ये बसवून माझ्यावर हल्ला. भिंत! डिफेंडर लिहिलेली! वर मलाच म्हणतो, "मामा, रीड द कार्ड."

दादरचा_दाद्या
आमच्या वेळी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं होती. उंची, वजन, रँक. वजन सांगितलं की समोरचा गप्प. भिंतीला पायलट करायची वेळ कुणावर आली नाही.

टॅप_अनटॅप
मामा, हे सगळं कायदेशीर आहे. वाहन क्रू केल्याशिवाय, म्हणजे कुणी चालवायला बसवल्याशिवाय, क्रीचर नसतं, म्हणून रॅथमधून सुटलं. क्रू करायला क्रीचर टॅप करतात, पण त्यात टॅपचं चिन्ह नाही (नव्या क्रीचरला मनाई त्या चिन्हाची असते), म्हणून त्याच टर्नला उतरलेलं क्रीचरही चालतं. डिफेंडर म्हणजे स्वतः हल्ला करायचा नाही, ड्रायव्हिंगला मनाई नाही. फक्त पॉवर हवी, कॉप्टरला एक पुरते. भिंत कुठली होती?

कट्ट्यावरचा_मामा
तलवारींची. ३/५. आणि ती उडतेसुद्धा.

चित्रं_बघणारा
म्हणजे जी स्वतः उडू शकते, पण हल्ला करू शकत नाही, ती तलवारींची भिंत उडत्या यंत्राच्या सीटवर बसून हल्ल्याला निघाली. मी हात टेकले.

उंटावरून_शेळ्या
कॉप्टर २०१६ च्या कलादेश संचातलं. वाहनं तिथूनच सुरू झाली आणि ती दुनियाच भारतावरून बेतलेली. हल्ली तिला अविष्कार म्हणतात. तेव्हा भिंत गाडी चालवते यात नवल ते काय, आपल्याकडचे रस्ते बघा. आणि हे कॉप्टर जानेवारी २०१७ मध्ये स्टँडर्ड या स्पर्धेच्या प्रकारात बॅन झालेलं, भाच्याला सांगा.

टॅप_अनटॅप
घरच्या डावाला स्टँडर्डचा बॅन कशाला लावताय? अर्धवट माहिती देऊ नका.

स्लीव्हवाला
मामा, पावसाळ्यात फॉइल, म्हणजे चकाकती, कार्डं दमटपणाने वाकतात. डबल स्लीव्ह घाला, डेकबॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी टाका. पुस्तकाखाली दाबू नका, कडा जातात.

कट्ट्यावरचा_मामा
माझ्याकडे फॉइल नाहीत. कुणी विचारलं?

गुळांबा
पण मामा, तुम्ही सगळेच नाइट एकदम मांडून ठेवता का? समोर रॅथ आहे हे माहीत असताना? दोन हातात ठेवा ना. मुलगा मला हेच सांगतो.

टॅप_अनटॅप
गुळांबाताईंचं बरोबर आहे. उद्या तेवढं केलंत तरी पुरे. आणि एक विचारायचं राहिलं. ती तलवारींची भिंत पांढरी आहे. तिने कधी तुमच्या ब्लॅक नाइटला अडवलंय का?

कट्ट्यावरचा_मामा
हो, दर वेळी अडवतो. का?

टॅप_अनटॅप
दर वेळी?? अहो, पांढरं क्रीचर पांढऱ्यापासून प्रोटेक्शन असलेल्याला अडवूच शकत नाही. वर चार गोष्टी लिहिल्या त्यातली तिसरी. पण नीट आठवा. भिंतीने अडवलं की भिंत बसलेल्या कॉप्टरने? कॉप्टरला रंग नाही, ते अडवू शकतं, आत कुणीही बसलेलं असो.

चित्रं_बघणारा
म्हणजे भिंत समोर उभी राहिली तर चालत नाही, पण यंत्रात बसून आली तर चालतं. वा.

कट्ट्यावरचा_मामा
भिंतीनेच, आधीच्या डावांत. कॉप्टर तिथे आलंच नव्हतं, शेवटपर्यंत. नक्की ना? मी आत्ता जाऊन सांगतो त्याला.

टॅप_अनटॅप
नक्की. ७०२.१६ च, मघाचाच नियम.

कट्ट्यावरचा_मामा
सांगितलं. त्याने मोबाइलवर नियम काढला, वाचला, आणि म्हणाला जुने डाव मोजायचे नाहीत.