‘पानिपत’ सिनेमा पाहिला, आता कादंबरी वाचू का? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सी-५०१ तन्मय: काल रात्री घरी ‘पानिपत’ पाहिला, आशुतोष गोवारीकरांचा. आई म्हणते, हे काहीच नाही, विश्वास पाटलांची कादंबरी वाच. चांगलीच जाडजूड आहे म्हणून विचारतोय, खरंच इतका फरक आहे का?

ए-१०४ शिंदे काका: काहीच नाही असं नको म्हणूस रे. २०१९ च्या डिसेंबरात आम्ही नातवंडांना घेऊन थिएटरात गेलो होतो. पोरं इंग्रजी माध्यमातली, मराठी पुस्तक हातात धरत नाहीत. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब, सरदार जनकोजी शिंदे, तोफखान्याचा इब्राहिमखान गारदी ही नावं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. घरी आल्यावर नकाशात पानिपत शोधत बसली होती. एवढं कुठल्या पाठ्यपुस्तकाने केलं? आणि कर्जतला नितीन देसाईंनी उभा केलेला शनिवारवाडा पाहून माझेही डोळे भरून आले.

बी-३०२ कुलकर्णी काकू: तन्मय, सिनेमाही पाहिलाय आणि कादंबरीही वाचलीय, म्हणून सांगते. सिनेमाचा सगळा रोख लढाईच्या दिवसावर, १४ जानेवारी १७६१ वर आहे. कादंबरीचा जीव त्याआधीच्या अडीच महिन्यांत आहे, आणि माझ्या मते पानिपत तिथेच हातचं गेलं.

ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, तिथे धान्यही मिळालं. पण त्याच सुमारास अफगाण बादशहा अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीची वाट बंद झाली. नोव्हेंबरपासून छावणी पानिपतला अडकली. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं जास्त: बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. इतकी तोंडं आणि रसद येणार कुठून? मराठ्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेले यांनी अब्दालीची रसद तोडावी आणि आपल्याला पैसा-धान्य पोचवावं, असा भाऊंचा तगादा होता. डिसेंबरात गोविंदपंतच मारले गेले. भाऊंचे सरदार बळवंतराव मेहेंदळेही त्याच महिन्यात पडले.

बी-३०२ कुलकर्णी काकू: काशीराज हा अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरचा माणूस, म्हणजे समोरच्या गोटातला. त्याने लिहून ठेवलंय की शेवटी सरदार भाऊंकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस माणसांच्या पोटात अन्न नाही, दोन रुपये मोजले तरी शेरभर धान्य मिळत नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. मग विडे वाटले गेले. सकाळी निघताना कित्येकांनी तोंडाला हळद फासली होती. हे डोक्यात ठेवून कादंबरी वाच, म्हणजे १४ जानेवारीला ते कसल्या अंगाने मैदानात उतरले ते कळेल. पडद्यावर सगळे धष्टपुष्ट, घोडे गुटगुटीत. उपासमार एखाद्या संवादात येते आणि जाते.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, क्षमस्व. उद्या टाकी धुणार आहेत. ११ ते २ पाणी बंद. भरून ठेवा.

ए-१०४ शिंदे काका: काकू, पोटातली भूक कॅमेऱ्याने दाखवायची कशी? तीन तासांच्या आत उदगीरपासून पानिपतापर्यंत यायचं असतं. आणि कादंबरी तरी इतिहास आहे का? पाटलांनी भाऊंची बाजू घेतली आहे, ती त्यांनी लपवलेलीही नाही.

बी-३०२ कुलकर्णी काकू: घेतली आहे, आणि ती घेणं गरजेचं होतं. कितीतरी पिढ्यांनी भाऊंना आडमुठे, गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. पण बाजू घेऊनही कादंबरी अब्दालीच्या बाजूच्या रोहिला सरदाराला, नजीबखानाला बुद्धी देते, त्याचे डाव उलगडून दाखवते. सिनेमातला अब्दाली नुसता भिववतो.

ए-६०३ भोसले वहिनी: भाऊंच्या बायकोबद्दल, पार्वतीबाईंबद्दल कोणी बोलत नाहीये. गोष्ट तिच्या तोंडून सांगितली हे मला सिनेमात फार आवडलं. पण तिच्या हातात तलवार दिली तिथे मी खट्टू झाले. बाईचं धाडस दाखवायला तलवारच हवी का? त्या दिवशी संध्याकाळी हजारो बायकामुलं कैद झाली. जानू भिंताडा नावाच्या माणसाने पार्वतीबाईंना त्यातून बाहेर काढलं. पुढे पुण्यात येऊन भाऊ गेले हे तिने मानलंच नाही, १७६३ मध्ये ती गेली तोपर्यंत. या दोन वर्षांवर एक अख्खा सिनेमा होईल.

बी-३०२ कुलकर्णी काकू: वहिनी, अगदी मनातलं बोललात 🙏

ए-४०१ जोशी आजोबा: आमच्या लहानपणी आजी संक्रांतीला पानिपताची आठवण काढायची. ऐन संक्रांतीला एवढा घात झाला म्हणायची.

बी-३०२ कुलकर्णी काकू: आजोबा, आजींचं दुःख खरं आहे, तिथी मात्र पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. संक्रांत त्या काळी १० जानेवारीच्या सुमारास यायची. संक्रांतीला पडले ते मराठा सरदार दत्ताजी शिंदे, एक वर्ष आधी, १० जानेवारी १७६० ला, दिल्लीजवळ बुराडी घाटावर.

ए-१०४ शिंदे काका: दत्ताजींचं नाव निघालं की आमच्या घरात आजही सगळे गप्प होतात. मिलिंद गुणाजींनी ते काम छान केलंय, तेवढं तरी मान्य करा काकू.

बी-३०२ कुलकर्णी काकू: मान्य. इब्राहिमखानालाही सिनेमाने मान दिलाय, ते फार चांगलं केलं. त्याचे गारदी, म्हणजे बंदुकधारी पायदळ, सकाळी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना कापत होते. आपल्याच स्वारांनी गोल (चौफेर बांधलेली फौजेची रचना) मोडून पुढे धाव घेतली नसती तर दुपार वेगळी झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

सी-५०१ तन्मय: आणि भरतपूरचा जाट राजा सूरजमल? राजस्थानात त्यावरून मोठा गदारोळ झाला होता ना, सीनही कापले?

बी-३०२ कुलकर्णी काकू: झाला, आणि त्या लोकांचा राग मला समजतो. सूरजमल दिल्लीहून भाऊंना सोडून निघून गेला हे खरं. पण लढाईनंतर आपली अर्धमेली माणसं त्याच्याच मुलखात पोचली. त्याने त्यांना खाऊ घातलं, कपडे दिले, वाटेला लावलं. बाजीराव-मस्तानीचे चिरंजीव समशेरबहाद्दर जखमी होऊन तिकडेच वारले. मराठी माणसाने सूरजमलचं नाव कृतज्ञतेनेच घ्यायला हवं. सिनेमात तो आग्र्याच्या किल्ल्याचा सौदा करताना लक्षात राहतो, हे मला खटकलं.

सी-५०१ तन्मय: ठरलं, वाचतो. काकू, तुमच्याकडे आहे का प्रत?

बी-३०२ कुलकर्णी काकू: आहे. बाइंडिंग सैल झालंय, पानं जपून उलट. संध्याकाळी सातनंतर ये. इतिहासकार शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ पण देते. कादंबरी संपली की लगेच ते वाच, त्यात कागदपत्रं आहेत.

ए-६०३ भोसले वहिनी: तन्मयनंतर नंबर माझा.

ए-१०४ शिंदे काका: मग माझा. नातवंडांना मीच वाचून दाखवतो, रोज दहा पानं.