गॅदरिंगला नाच बसवायला येणारा ‘दादा’, मुक्कामी शिबीर आणि आम्ही पालक: शाळेला कसं विचारायचं?

शिवणकाम_अमळनेर

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात कपडे शिवते. मुलगी गावातल्याच शाळेत सातवीत आहे. गॅदरिंगचे कपडे दरवर्षी माझ्याकडेच शिवायला येतात, त्यामुळे या दिवसांत शाळेत माझं जाणं-येणं असतं. जे सांगते आहे ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शाळेत शिक्षक कमी आहेत. म्हणून नाच बसवायला एक माजी विद्यार्थी येतो. पगार नाही, काही नाही, हौसेने येतो. मुली त्याला दादा म्हणतात. नाच छान बसवतो, हेही खरं. पण शाळा सुटल्यावर तो सातवी-आठवीच्या मुलींना थांबवून घेतो आणि वर्गाचं दार लावतो. म्हणे गाण्याचा आवाज बाहेर जातो. एकही बाई तिथे थांबत नाही. अंधार पडला की एखाद्या मुलीला मोटारसायकलवर घरी सोडतो. आणि मुलगी अभ्यासाला माझा फोन घेते, त्यावर त्याचे वेगळे मेसेज येतात, ग्रुपवर नाही. त्यातला एक असा: “ही स्टेप फक्त तुलाच सांगतोय, आईला पण सांगू नको.”

नाचाच्या स्टेपमध्ये आईपासून लपवण्यासारखं काय असतं? हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मी त्याच्यावर कसलाही आळ घेत नाही. मुलीला शांतपणे विचारलं, तिने तक्रार अशी काही केली नाही. मुख्याध्यापकांकडे गेले तर म्हणाले, “ताई, आपल्याच गावचा पोरगा आहे, त्याच्या घरच्यांना काय वाटेल?” सासूबाईंचंही तेच, “वळखीना माणूस शे, काय व्हस?” पण आमच्या गावात बिनओळखीचं आहेच कोण? पेपरात अशा ज्या बातम्या येतात त्यांत बहुतेक वेळा माणूस ओळखीचाच निघतो.

त्यात पुढच्या महिन्यात रावेर तालुक्यात पालला मुक्कामी शिबीर आहे. सातपुड्यात, जंगलाच्या कडेला. पत्रात एवढंच लिहिलंय की सोबत ‘माजी विद्यार्थी स्वयंसेवक’ येतील. कोण, किती, रात्री मुलींच्या खोल्यांकडे कोण असेल, त्याचा उल्लेखच नाही.

मला मुलीला नाचातून काढायचं नाही. शिबिरालाही पाठवायचं आहे. तिने सातपुडा लांबूनच पाहिलाय, तिला झाडं ओळखायला फार आवडतं. तिचं सुख काढून घेऊन मला तिला सुरक्षित ठेवायचं नाही.

आणखी एक सांगते. मी मुलींची मापं घेते, छातीचं, कमरेचं. त्या वेळी आई नाहीतर शाळेतली बाई समोर लागते आणि दुकानाचं दार उघडं असतं. मुलगी नको म्हणाली तर तिच्या आईलाच टेप धरायला लावते. मी बाई आहे, गावची सून आहे, तरी हा नियम मी पाळते. मग शाळेत येणाऱ्या बाकीच्या मोठ्या माणसांना असे नियम का नसावेत?

एका पोराचं नाव न घेता हे शाळेकडे कसं मागायचं? आणि कायद्यात याला काही आधार आहे का?

निवृत्त_मुख्याध्यापक_साक्री

ताई, नाव घेऊच नका. नावावर गेलात की सगळं गाव त्या पोराच्या चारित्र्यावर बोलत बसेल आणि दार बंदचं बंद राहील. लेखी अर्ज द्या, मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. पोच घ्या. तोंडी बोलणं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आमच्याकडे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकासाठी वही होती: नाव, कशासाठी आलात, कधी आलात, कधी गेलात, सही. लेझीम शिकवणारा असो की व्याख्यानाला आलेले डॉक्टर असोत. सराव पटांगणात किंवा व्हरांड्यात, आत घ्यायचाच झाला तर दारं-खिडक्या उघड्या आणि शाळेचा एक माणूस हजर. मूल घरी कुणाबरोबर जाणार ते पालकांनी आधी लिहून द्यायचं, त्याशिवाय कुणाच्या गाडीवर बसवायचं नाही. सुरुवातीला नाराजी झाली. शाळेला देणगी देणारे एक गृहस्थ वहीत सही करायला तयार नव्हते. मी त्यांच्यासमोर आधी माझी सही केली.

तुमच्या शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची समिती, आहे का विचारा. शासनाने 2022 साली ती प्रत्येक शाळेत नेमायला सांगितली आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती फक्त फलकावर असते. तिची बैठक घ्या म्हणावं.

चोपडा_पालक

राग मानू नका वहिनी, पण मला दुसरी बाजूही दिसते. आमच्या शाळेला एक होतकरू मुलगा फुकट इंग्रजी शिकवायचा. कुणीतरी काहीबाही बोललं आणि त्याने येणं बंद केलं. नुकसान पोरांचंच झालं. एवढी चौकशी लावली तर खेड्यातल्या शाळेत येणार कोण?

खोखो_शहादा

भाऊ, मी स्वतः असा येणारा माणूस आहे. नोकरी सांभाळून जिल्हा परिषद शाळेतल्या मुलामुलींना खो-खो शिकवतो. तुमच्या गावच्या मुलाचं वाईट वाटलं, पण त्याला घालवलं ते कुजबुजीने, नियमांनी नाही. नियम आधीपासून असते तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं: बघा, मी कधी एकटा नव्हतो, वहीत बाईंची सही आहे.

खो-खोत पाय मुरगळतो, मांडी भरून येते. मी मुलांना मालिश करत नाही, मुलग्यांनाही नाही. बाई किंवा घरचे बर्फ लावतात. स्पर्धेला जाताना मुलांच्या खोलीत झोपत नाही. कुणा एकालाच बूट-चॉकलेट घेऊन देत नाही, द्यायचं तर शाळेमार्फत. मेसेज फक्त पालकांच्या ग्रुपवर.

ताई, एक विनंती. सगळे मुलींचंच बोलतात. शिबिरात मुलग्यांच्या खोलीचंही विचारा. मुलगा सहसा बोलत नाही, आणि बोलला तर हसण्यावारी नेतात.

वकील_धुळे

ताई, तो मेसेज पुसू नका. तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा. त्यावरून आज गुन्हा होतो असं मी म्हणणार नाही. पण मोठ्या माणसाने मुलाला आईपासून काही लपवायला सांगणं, मग ती नाचाची स्टेप का असेना, ही खूण मी गंभीर धरते. मुलाला जाळ्यात ओढणारी माणसं बहुधा अशाच छोट्या गुपितापासून सुरुवात करतात. गुपित पाळलं जातं का, हे आधी बघतात.

आता कायदा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, 2012 चा आहे. 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. त्याचे 2020 चे नियम सांगतात की शाळा, क्रीडा अकादमी अशा संस्थांनी मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावी, कायम असोत की कंत्राटी. पण तिथे शब्द कर्मचाऱ्यांचा आहे. बिनपगारी येणारा दादा त्यात सरळ बसत नाही, आणि शाळा नेमकं तेच सांगते, “तो आमचा माणूस नाही.” बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये निघालेल्या शासन निर्णयातही भर सीसीटीव्ही आणि शाळेने नेमलेल्या लोकांवर आहे: सफाई कामगार, मदतनीस, बसचालक. म्हणून तुमच्या अर्जात ‘स्वयंसेवक, माजी विद्यार्थी व पालक’ हे शब्द मुद्दाम घाला.

शिक्षेच्या बाबतीत मात्र अशी फट नाही. मुलाच्या विश्वासातल्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केलेला लैंगिक हल्ला कायदा अधिक गंभीर धरतो. पगार मिळतो की नाही, याने फरक पडत नाही.

मुख्याध्यापकांना कलम 19 आणि 21 वाचायला द्या. असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. शाळेने ‘आतल्या आत चौकशी’ करत बसायचं नसतं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास आणि फुकट आहे. पण उघडं दार मागायला पुरावा लागत नाही, हे लक्षात ठेवा. ते मागणं म्हणजे तक्रार नव्हे.

शिवणकाम_अमळनेर

सगळ्यांचे आभार. इथे वाचून अर्ज लिहिला. कपडे न्यायला येणाऱ्या आयांना दाखवला. काहींनी वाचून लगेच सही केली. एकीने नवऱ्याला विचारते म्हणून नेला, आणि संध्याकाळी नवराच सही करायला आला. खोखोच्या भाऊंनी सांगितलं तसं मुलग्यांच्या खोलीचंही लिहिलं.

मुख्याध्यापक आधी नाराज झाले. कलम 21 वाचल्यावर गप्प बसले आणि मग बसून बोलले. सराव आता शेवटच्या दोन तासांत होतो, कारण बाई बसने येतात, त्यांना उशिरा थांबता येत नाही. दार उघडं असतं. मेसेज ग्रुपवरच.

तो मुलगा दुकानात आला होता. “काकू, माझ्यावर संशय आहे का?” असं विचारलं. मी म्हटलं, नियम मलाही लागू आहेत, अर्जात शिवणाऱ्या बाईचंही लिहिलंय, वाच. आणि मेसेजबद्दल तोंडावर सांगितलं, की माझ्या मुलीला माझ्यापासून काही लपवायला पुन्हा सांगायचं नाही. तो काही बोलला नाही. सरावाला येतो आहे. मी लक्ष ठेवून आहे.

मुलगी दोन दिवस रुसली होती, दादा आता पहिल्यासारखा हसत नाही म्हणून. तिला म्हटलं, त्याला वाईट वाटलं असेल, ते तुझ्यामुळे नाही. आणि आईला सांगू नको असं जो कुणी म्हणेल, मी धरून घरातला कुणीही, ते तू खुशाल येऊन सांग, मी ओरडणार नाही.

पालचं अजून राहिलंय. मुक्कामाला एकच बाई शिक्षिका आहे. आम्ही दोघी आया जायला तयार आहोत. आमचीही पडताळणी करायची ना?

वकील_धुळे

हो, करा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा. वेळ लागतो, म्हणून शिबिराच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात भरा. बाकी स्वयंसेवकांची नावं शाळेने लेखी दिली की त्यांनाही तेव्हाच भरायला सांगा. ज्याची पडताळणी आली नसेल त्याने दिवसा मदत करावी, शिक्षकांसमोर. रात्री मुक्कामाला थांबू नये.