कोपऱ्यावर स्टॉप साइन मागितला तर सिटी नाही म्हणते, अमेरिकेतला नियम नक्की काय आहे?

कोपऱ्यावरचं घर

नमस्कार मंडळी, अमेरिकेत राहणाऱ्यांना विचारायचंय. आमचं घर चौकाला लागून आहे. आमच्या गल्लीला दोन्ही बाजूंनी स्टॉपचा बोर्ड आहे, म्हणजे प्रत्येक गाडीनं पूर्ण थांबूनच पुढे जायचं, पण आडवा जो मोठा रस्ता जातो त्याला काहीच नाही, तिथे लिमिट ताशी २५ मैलांची आहे आणि सकाळी कामावर निघालेल्या गाड्या सर्रास ३५ च्या वर जातात. मुलगा दुसरीत आहे, शाळा चालत दहा मिनिटांवर, आणि तो रस्ता रोज ओलांडावा लागतो. गेल्या महिन्यात एक गाडी आमच्यासमोर करकचून ब्रेक दाबत थांबली, पोरगा आणि बंपर यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. तेव्हापासून सकाळ झाली की पोटात गोळा येतो.

गल्लीतल्या जवळपास सगळ्या घरांच्या सह्या घेऊन आम्ही सिटीकडे अर्ज दिला की चारही बाजूंनी स्टॉप करा. दीड महिन्यानी पत्र आलं, त्यात दोनच मुद्दे. एक, ऑल-वे स्टॉपचे वॉरंट पूर्ण होत नाहीत. दोन, स्टॉप साइन वेग कमी करायला लावत नाहीत. हे दुसरं तर मला अजिबात पटलं नाही, गाडी थांबवली तर वेग कमी होणारच ना? आणि हे वॉरंट कोण ठरवतं, सिटी की स्टेट की अजून कोणी? पुढच्या कौन्सिल मीटिंगला बोलायचंय, तर जाणकारांनी जरा नीट समजावून सांगा प्लीज.

रस्ता_इंजिनिअर

ताई, मी बरीच वर्षं दुसऱ्या एका सिटीत ट्रॅफिकचं काम करतोय, रोज अशी दोन-तीन पत्रं येतात, त्यामुळे तुमची काळजी पूर्ण समजते. जरा लांबलचक लिहितो.

वॉरंट म्हणजे निकष. ते येतात रस्त्यावरचे बोर्ड, सिग्नल, पट्टे यांच्यासाठीच्या एमयूटीसीडी नावाच्या राष्ट्रीय मॅन्युअलमधून, फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशन ते काढतं, सध्याची अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मधली आहे. काही राज्यं ते जसंच्या तसं घेतात, काही स्वतःची पुरवणी जोडतात आणि कॅलिफोर्निया, टेक्साससारखी राज्यं स्वतःचं मॅन्युअल काढतात, पण ते राष्ट्रीय मॅन्युअलशी जुळणारंच असावं लागतं. म्हणजे सिटीला वाटलं म्हणून लावला असं नसतं. काही सिटींनी याच्यावर अजून स्वतःची पॉलिसी केलेली असते, सह्या किती हव्यात, एकदा नाही म्हटल्यावर परत अर्ज कधी करता येतो वगैरे, तुमच्या सिटीची ती आहे का ते विचारून घ्या.

चारही बाजूंनी स्टॉप करायचा तर मुख्य निकष असे. मोठ्या रस्त्यावर दोन्ही दिशा मिळून ताशी सरासरी ३०० गाड्या, आणि त्याच तासांत छोट्या रस्त्यावरून गाड्या, पायी चालणारे, सायकली असं सगळं मिळून ताशी २००, आणि हे दिवसातले कुठलेही आठ तास भरायला पाहिजे. मोठ्या रस्त्यावरचा वेग ४० मैलांच्या वर असेल तर हे आकडे ७० टक्क्यांवर येतात, तुमच्याकडे ते लागू होईल असं वाटत नाही. दुसरा निकष अपघातांचा. चार रस्त्यांच्या चौकात १२ महिन्यांत ५ किंवा ३६ महिन्यांत ६ नोंदलेले अपघात, तेही असे की सगळीकडे स्टॉप असता तर टळले असते, म्हणजे मागून ठोकलेली गाडी त्यात धरत नाहीत. तिसरा निकष लोक विसरतात आणि तुमच्या कामाचा तोच आहे, छोट्या रस्त्यावर थांबलेल्या माणसाला येणारी गाडी पुरेशी लांबून दिसतच नसेल तर तेवढ्या कारणावरसुद्धा ऑल-वे स्टॉप बसू शकतो.

आता वेगाचं. स्टॉप साइनचं काम म्हणजे आधी कोणी जायचं हे ठरवणं. वेगासाठी वापरू नये असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, कारण गाडी हळू होते ती चौकाच्या आसपासच्या दीडदोनशे फुटांत, पुढे गेल्यावर लोक गेलेला वेळ भरून काढायला मध्येच जास्त पळवतात. आणि छोट्या रस्त्यावर सहसा कोणीच नसेल तर आठवड्याभरात लोकांना कळतं की इथे थांबायची गरज नाही, मग ते नुसतं हळू करून निघून जातात. इकडे तुमचा मुलगा बोर्ड बघून गाडी थांबणारच असं धरून पाऊल टाकतो. मला भीती त्या क्षणाची वाटते.

दोन मुलांची आई

इंजिनिअर साहेब, तुम्ही मनापासून लिहिलंय हे दिसतंय पण मला यातलं एक कधीच पटलं नाही, पाच अपघात व्हायची वाट बघायची म्हणजे काय? आमच्या आधीच्या घराजवळ हेच ऐकलं होतं, आकडे भरत नाहीत, आणि आकडे कसे भरणार, त्या रस्त्याची भीती वाटते म्हणून लोक मुलांना गाडीतून सोडतात, मग मोजायला आले की म्हणतात पायी चालणारं कोणी नाहीच. हातभर अंतरावर थांबलेली गाडी कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिली जाते? ताईंच्या बाबतीत जे झालं ते तर कुठल्याच नोंदीत नाही.

आणि निकष पूर्ण असतील तिथे ऑल-वे स्टॉपनं खूप फरक पडतो हेही सांगा ना, नॉर्थ कॅरोलायनात ५३ चौकांत दोन बाजूंचे स्टॉप बदलून चारही बाजूंनी केले होते आणि अपघात साधारण दोन तृतीयांशानी कमी झाले, मी हे तेव्हा कौन्सिलसमोर वाचून दाखवलं होतं.

रस्ता_इंजिनिअर

तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, मोजणीतली ती खोट खरीच आहे, आणि नॉर्थ कॅरोलायनाचा अभ्यास मलाही माहितीये. फक्त तिथे चौक निवडून घेतले होते, जिथे खरंच गरज होती असे. तोच बोर्ड गरज नसलेल्या जागी लावला तर तोच फायदा होईल असं म्हणता येत नाही.

पण तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो, मीटिंगमध्ये ती उपयोगी पडेल. मॅन्युअलमधली वाक्यं तीन प्रकारची असतात, शॅल म्हणजे करायलाच पाहिजे, शुड म्हणजे करावं, आणि मे म्हणजे चालेल. ऑल-वे स्टॉपचे निकष शॅल मध्ये येत नाहीत. म्हणजे इंजिनिअरनी चौकाचा अभ्यास करून कारण कागदावर लिहिलं तर त्याला वेगळा निर्णय घ्यायची मुभा असते. शिवाय अकराव्या आवृत्तीत पूर्वीपेक्षा थोडी ढील आलीये. २००९ च्या आवृत्तीत अपघातांचा हिशोब १२ महिन्यांचाच होता, आता ३६ महिन्यांचाही धरतात, आणि तीन रस्ते मिळतात तिथे आकडा अजून कमी आहे, १२ महिन्यांत ४ किंवा ३६ महिन्यांत ५. इतर कारणं म्हणूनही एक निकष आहे, त्यात पायी चालणाऱ्यांची वर्दळ असलेल्या ठिकाणाजवळचा चौक येतो. शाळा तिथे धरता येते. सिटीनी दिलेलं उत्तर जुन्या निकषांवर आहे का नव्या, हे पहिलं विचारा.

जुना प्रवासी

मी रिटायर झालोय, आमच्या इथल्या ट्रॅफिक कमिटीत सहा वर्षं होतो, नागरिक म्हणून, इंजिनिअर नाही. थोडं बोर्डाबद्दलच सांगतो कारण त्यातून मला बरंच कळलं. पहिला स्टॉप साइन डेट्रॉइटमध्ये १९१५ ला लागला तो पांढरा होता, त्यावर काळी अक्षरं. आठ कोनांचा आकार १९२३ च्या सुमारास आला, त्यामागे कल्पना अशी की जितक्या जास्त बाजू तितका धोका मोठा, म्हणून रेल्वे क्रॉसिंगला गोल, त्याखालोखाल स्टॉपला अष्टकोन, मग नुसत्या सूचनेला चौकट. लाल रंग १९५४ मध्ये आला, त्याआधीची बरीच वर्षं पिवळा होता कारण उन्हात टिकणारा लाल मिळत नव्हता. म्हणजे सुरुवातीपासून हा बोर्ड मोठ्या धोक्यासाठी राखून ठेवलेला आहे, आणि म्हणूनच तो जिथे आहे तिथे लोकांनी थांबलंच पाहिजे असं मला तळमळीनं वाटतं.

आता कामाचं. आमच्याकडे आलेल्या अर्जांपैकी कित्येक ठिकाणी खरी अडचण अशी निघायची की कोपऱ्यावर काही दिसतच नाही. झुडपं, कुंपण, अगदी कोपऱ्याला खेटून लावलेल्या गाड्या. ताई, तुम्ही एक करा, रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना गाडी तुमच्या गल्लीच्या स्टॉपला उभी करा आणि ड्रायव्हरच्या सीटवरून डावीकडे उजवीकडे किती लांबचं दिसतं ते बघा, फोटो काढा, मग दुसऱ्या कोणाला फुटपाथवरून टेप लावून मोजायला सांगा. तुमच्या गल्लीचे जे स्टॉप आहेत तेही बघा, बोर्ड फांदीआड गेलाय का, वाकलाय का, रात्री चमकतो का. हे दुरुस्त करायला कुठलंच वॉरंट लागत नाही, एक फोन पुरतो.

सावकाश चला

वरचं सगळं वाचलं, छान माहिती आहे, एकच भर घालतो. आमच्या कॉलनीत रहिवाशांच्या दबावामुळे एक ऑल-वे स्टॉप लागला, आनंद झाला, पण सहा महिन्यांत निम्मे लोक रोलिंग स्टॉप करायला लागले, म्हणजे पूर्ण न थांबता नुसतं हळू करून जायला लागले, आणि पोलीस रोज उभे राहू शकत नाहीत. शेवटी ज्यानी फरक पडला तो म्हणजे स्पीड कुशन, म्हणजे रस्त्यावरचे रुंद उंचवटे, आणि कोपऱ्यावर पुढे आणलेला कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, त्यामुळे ओलांडायचं अंतर कमी झालं आणि कोपऱ्यात गाडी लावायला जागाच उरली नाही. तुमचा त्रास वेगाचा असेल तर अर्जात वेगाचाच उपाय मागा, बऱ्याच सिटींमध्ये त्यासाठी वेगळा ट्रॅफिक कामिंगचा, म्हणजे गाड्या हळू करायच्या उपायांचा अर्ज असतो आणि त्याचे निकष वेगळे असतात. दोन्ही अर्ज एकदम करता येतात का ते मात्र विचारून घ्या.

रस्ता_इंजिनिअर

हो, आणि जुन्या प्रवाशांनी सांगितलं ते मोजमाप करणार असाल तर आकडे देतो. थांबलेल्या ड्रायव्हरचा डोळा मोठ्या रस्त्याच्या कडेपासून साधारण साडेचौदा फूट मागे आणि जमिनीपासून साडेतीन फूट वर धरतात. तिथून डावीकडे वळायचं असेल तर २५ मैलांच्या वेगाला २८० फूट लांबपर्यंत मोकळं दिसायला हवं, ३० ला ३३५, ३५ ला ३९०. गणित सरळ आहे, गाडीला वळायला साडेसात सेकंद लागतात, तेवढ्या वेळात येणारी गाडी किती अंतर कापेल ते. लोक ३५ नं चालवत असतील तर बोर्डावरच्या २५ चा आकडा धरून चालणार नाही, प्रत्यक्षातला वेग धरून मागा.

कोपऱ्यावरचं घर

सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवस लागले पण सगळं करून बघितलं. नवरा ड्रायव्हर सीटवर, मी टेप घेऊन फुटपाथवर. उजवीकडे ठीक आहे, लांबपर्यंत दिसतं. डावीकडे १६० फुटांच्या पुढे काहीच दिसत नाही, शेजारच्या आजोबांचं झुडूप आणि त्याच्या पुढे कोपऱ्याला लागूनच रोज उभी असलेली एक मोठी व्हॅन. आमच्या गल्लीचा एक स्टॉपचा बोर्डही मेपलच्या फांदीत अर्धा गेलेला निघाला, इतकी वर्षं राहतोय आणि लक्षातच आलं नव्हतं कारण आम्हाला तो तिथे आहे हे पाठ आहे.

आजोबांकडे जाऊन फोटो दाखवले तर ते स्वतःच अस्वस्थ झाले, त्यांनी सही पण केलेली होती, शनिवारी दोघांनी मिळून झुडूप गुडघ्याएवढं कापलं. आता डावीकडे दोनशे दहा फुटांपर्यंत दिसतं. उरली ती व्हॅन, ती कायद्याने लावलेली आहे म्हणे त्यामुळे मालकाला काही बोलता येत नाही. मी सिटीला परत लिहिलंय, तीन गोष्टी, एक फांदी कापा, दोन कोपऱ्यावरची वीस फूट कडा लाल करून पार्किंग बंद करा, आणि तीन, अकराव्या आवृत्तीतल्या दिसण्याच्या अंतराच्या निकषावर चौक परत तपासा. फोटो आणि मोजमापं जोडली. या वेळी चार दिवसांत एका इंजिनिअर बाईंचा फोन आला, नीट बोलल्या, म्हणाल्या रस्त्यावर मोजणीच्या नळ्या (गाडी वरून गेली की नोंद होते) टाकतो, वेग आणि गाड्या दोन्ही मोजतो.

वीस फुटांचं मी कुठेतरी वाचलं होतं म्हणून लिहिलं, ते बरोबर आहे ना?

रस्ता_इंजिनिअर

बरोबर आहे, कॅलिफोर्नियात तर आता तसा कायदाच आहे, क्रॉसवॉकच्या (पायी रस्ता ओलांडायच्या जागेच्या) अलीकडच्या वीस फुटांत गाडी लावता येत नाही आणि २०२५ पासून त्याचा दंडही होतो, क्रॉसवॉक रंगवलेला नसला तरी. दुसऱ्या राज्यांत अंतर वेगवेगळं आहे, तुमच्या राज्याचा वाहतूक कायदा बघा, कदाचित ती व्हॅन मुळात नियमात बसतच नसेल.

आणि एक फोन लगेच करा, नळ्या कुठल्या आठवड्यात टाकणार ते विचारा. शाळेला सुट्टी असलेल्या आठवड्यात मोजलं तर तुमचा सकाळचा आकडा निम्म्यावर येईल. पायी जाणारी मुलं नळ्यांवर मोजली जात नाहीत, ती माणूस उभा करून किंवा कॅमेऱ्यानी मोजावी लागतात, तेही त्याच फोनवर मागून घ्या.

कोपऱ्यावरचं घर

बापरे, पुढच्या सोमवारपासून शाळेची स्प्रिंग ब्रेकची सुट्टी आहे. आत्ताच फोन करते.