तक्रार शुक्राणूंची, मग एमआरआय डोक्याचा कशाला?

काळाचौकीकर
नमस्कार मंडळी. वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोचे सगळे रिपोर्ट व्यवस्थित. माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य, दोनदा करून बघितली. रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि वृषणांना कामाला लावणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन, तिन्ही कमी. हार्मोनच्या डॉक्टरांनी आता मेंदूचा एमआरआय लिहून दिलाय आणि विचारलं, "वास येतो का तुम्हाला?"

नाही येत, लहानपणापासून. घरी कुणी मनावर घेतलं नाही. लालबागची मसाला गल्ली आमच्याजवळच. तिथे मिरच्या भाजायला घेतल्या की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, पण लोक ज्याला खमंग म्हणतात ते काय असतं ते मला कधी कळलंच नाही. दाढी-मिशीसुद्धा औषध घेतल्यावर आली. आई म्हणते, दुखणं एकीकडे आणि फोटो डोक्याचा, पैसे काढायचे धंदे. खरंच काही संबंध आहे का?

विक्रोळी_पूर्व
भावा, आधी दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घे. वीर्यपतनात २ ते ७ दिवसांचा खंड ठेवून, आणि नमुना तासाभरात पोचव. मांडीवर लॅपटॉप, कडक पाण्याची अंघोळ बंद. उष्णतेने फरक पडतो.

परळची निवृत्त लॅबवाली
विक्रोळी, उष्णतेने वृषणंच थकली असती तर एफएसएच वाढलेलं दिसलं असतं. इथे ते कमी आहे, म्हणजे वरून, मेंदूकडूनच हुकूम सुटत नाहीये.

काळाचौकीकर, तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते. हार्मोनच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट हाताखालून खूप गेलेत. एमआरआय कर. तुझ्या डॉक्टरांनी अगदी नेमकं विचारलंय.

बाळ पोटात असताना जीएनआरएच हे हार्मोन बनवणाऱ्या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. त्या तयार होतात नाकाच्या जागी, आणि वासाच्या नसांना धरून सरकत सरकत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातात. ती वाट नीट झाली नाही तर दोन्ही गोष्टी अडतात. वास कळत नाही, आणि वयात येताना मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला जीएनआरएचचा जो इशारा मिळायला हवा तो मिळत नाही. मग एलएच, एफएसएच बनत नाही, आणि वृषणं नुसती वाट बघत राहतात. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. १९४४ साली कालमन यांनी काही घराण्यांमध्ये तो दाखवला. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो. निदान डॉक्टर करतील, पण तू सांगतोस ते सगळं तिकडेच बोट दाखवतंय. एमआरआयमध्ये नाकाच्या छतावर असणारे वासाचे दोन छोटे कंद बघतात. पिट्युटरीत गाठ नाही ना, हेही त्यातच कळतं.

तुझी मिरची मला फार महत्त्वाची वाटली. झोंबणं कळतं ते चेहऱ्याच्या वेगळ्या नसेने, वासाच्या नाही. म्हणून ठसका तुलाही लागतो. आणि म्हणूनच अशी मुलं घरात लक्षात येत नाहीत, खोकतोय म्हणजे वास येतोय असं आई धरून चालते.

एका हाताची बोटं हलवलीस की दुसऱ्याची आपोआप हलतात का? या आजारात काहींना तसं होतं. काहींना मूत्रपिंडही जन्मतः एकच असतं, तेव्हा सोनोग्राफीचं विचारून घे. आणि घरात गॅसचा अलार्म बसव. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तो तुला येणार नाही.

काळाचौकीकर
मावशी, वाचून अंगावर काटा आला. कुलपात चावी फिरवताना माझ्या रिकाम्या हाताची बोटं वळतात! मला वाटायचं सगळ्यांचंच तसं होतं. औषध म्हणजे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. अठराव्या वर्षी एका डॉक्टरांनी सुरू केली, वासाचं विचारलं नाही, मूल होण्याबद्दलही बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी मीच बंद केली. आता दुसरे एक डॉक्टर म्हणतात पुन्हा सुरू कर, शुक्राणू वाढतील.

परळची निवृत्त लॅबवाली
नाही रे, मुलासाठी ती घेऊ नकोस! बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने दाढी येते, आवाज फुटतो, हाडं मजबूत राहतात, शुक्राणू मात्र बनत नाहीत. चांगल्या पुरुषाचेही त्याने कमी होतात. जिममध्ये पोरं हीच इंजेक्शनं घेताना दिसतात, जीव तुटतो.

तू एचसीजी आणि एफएसएचबद्दल विचार. गरोदरपणाच्या पट्टीवर जे दिसतं तेच एचसीजी. वृषणात ते एलएचचं काम करतं. आठवड्यातून दोन-तीनदा टोचायचं असतं, पुढे बहुधा एफएसएच जोडतात. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस लागतात, आणि इतकी वर्षं स्वस्थ बसलेली वृषणं जागी व्हायला सहा महिन्यांपासून दोन वर्षंही जातात. खर्च आहे, तो आधी नीट विचारून घे. केईएमला एंडोक्रिनॉलॉजीचा विभाग आहे, तिथेही दाखवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत वीर्याच्या मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे. या आजारात त्याहून बऱ्याच कमी आकड्यावरही घरच्या घरी दिवस राहतात, तेव्हा पहिला रिपोर्ट छोटा आला म्हणून बंद करू नकोस.

काळाचौकीकर
आईला हे सगळं वाचून दाखवलं, आता तीच मागे लागलीय. एकच विचारतो. मुलगा झाला तर त्यालाही हेच?

परळची निवृत्त लॅबवाली
कुठला जनुक बिघडलाय त्यावर आहे. एक प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला बापाकडून वाय मिळतो, त्यामुळे तो मुलाकडे जात नाही, मुलगी वाहक होते. हात असे जोडीने हलणं बरेचदा याच प्रकारात दिसतं. पण दुसऱ्या प्रकारांचं गणित वेगळं, आणि काहींत जनुक सापडतही नाही. म्हणून इंजेक्शनं सुरू करायच्या आधी दोघांनी मिळून जनुकीय समुपदेशकाला भेटा. आईच्या माहेरी, म्हणजे मामा, मावसभाऊ यांच्यात कुणाला वास येत नव्हता का, कुणाला मूल नव्हतं का, हे विचारून लिहून ने. ते पहिलं तेच विचारतील.