लेग डेनंतर पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पुन्हा रक्त तपासायला कधी देऊ?

मदत हवी आहे. मालवणजवळ राहतो, वय ३४. जड स्क्वॉट मारले त्याच संध्याकाळी रक्त तपासायला दिलं: पांढऱ्या पेशी १३,२००, न्यूट्रोफिल जास्त, लिम्फोसाइट कमी. ताप नाही, लघवीचा रंग नेहमीचा, स्टेरॉइड किंवा कुठलंही औषध चालू नाही. जोरदार व्यायामानंतर काही तास असं होतं, हे वाचलंय. पण लावणीला चिखलात उतरलो होतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा संसर्ग) धास्ती असतेच, त्यामुळे सगळं व्यायामावर ढकलायला मन धजत नाही. डॉक्टरांनी विश्रांतीनंतर परत तपासायला सांगितलंय. सीपीकेही (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायची आहे, त्यासाठी कुडाळला जावं लागतं, म्हणून एकाच फेरीत उरकायचंय. व्यायाम किती दिवस बंद ठेवला तर पेशी आणि सीपीके, दोन्हींचे आकडे भरवशाचे येतील?