'जाळीदार' म्हणजे धागे की भोकं?

पिंपळपान: पिंपळाच्या ताज्या पानाला एकही भोक नसतं, तरी त्याचा शिराविन्यास 'जाळीदार'. अनारसा जाळीदार म्हटला की मात्र भोकंच डोळ्यांपुढे येतात. वनस्पतींवरच्या टिपणात 'पानावर जाळीदार नक्षी' लिहिलं, तर वाचणारा काय समजेल?

शिरोरेखा: जाळीत धागाही असतो आणि घरही. वनस्पतिशास्त्रात नजर धाग्यावर असते, स्वयंपाकघरात घरावर. पण शिरांना नुसते फाटे फुटले म्हणजे जाळी होत नाही, त्या पुन्हा एकमेकींना मिळून बंद घरं व्हायला हवीत. बऱ्याच नेच्यांत शिरा दुभंगत कडेपर्यंत जातात पण जुळत नाहीत, तिथे हा शब्द चुकीचा. 'नक्षी' गाळा, सरळ 'शिराविन्यास जाळीदार' लिहा.

आणि 'द्विदल म्हणजे जाळीदार, एकदल म्हणजे समांतर' हे शाळेतलं सूत्र जपून वापरा. अळू, कोनफळ, घोटवेल एकदल असून जाळीदार. उलट कोकणातली उंडी द्विदल, पण तिच्या बाजूच्या शिरा इतक्या दाट नि सरळ की पान समांतर शिरांचं वाटावं.

बांधावरून: शेतीत तिसरीच छटा. सोयाबीनवर तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीची पिल्लं पुंजक्याने राहून पानातला हिरवा भाग खरवडतात, शिरा तेवढ्या उरतात. त्याला 'पानं जाळीदार झाली' म्हणतात. म्हणजे शेतकऱ्यांसाठी लिहिताना निरोगी पानाला नुसतं 'जाळीदार' म्हणाल, तर तो रोगकिडीचं लक्षण समजेल. (असं पान दिसलं की अळ्यांसकट तोडून नष्ट करावं. मोठ्या झाल्या की त्या शेतभर पांगतात.)

तवा: घावनाच्या बाबतीत 'जाळी पडते' म्हणतात, 'जाळी होते' नव्हे. 'जाळी झाली' हे विरलेल्या धोतराला. एक वाटी तांदळाच्या पिठाला साधारण दोन वाट्या पाणी, तवा चांगला तापलेला. पीठ पडताच पाण्याची वाफ वर फुटते, तीच भोकं. तवा कोमट असेल तर वाफ मंद, भोकं बुजतात, घावन चिकटतं. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर घावनाआधी ढवळायचं. शेवटची दोन जाड आणि बिनजाळीची निघाली, तर ढवळणं राहिलं समजा.

पिंपळपान: 'नक्षी' काढली. शेतीच्या भागात 'अळीने जाळी केलेली पानं' असं वेगळं लिहितो.

शिरोरेखा: चालेल. बाकी 'दार' फारसी, 'जाळी' आपली. 'पाणीदार'सारखीच जोडी, त्यामुळे शुद्धतेसाठी 'जालिकारूप' करायची गरज नाही. 'जालिका' पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेपुरती ठेवा.